डिव्हाइस ड्रायव्हरमधील असेंब्ली: एक्स८६, एआरएम६४ आणि रिस्क-व्ही यांच्यासाठी एकच ड्रायव्हर

लिनक्सचा जो ड्रायव्हर एक्स८६ यंत्रावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला असतो, तोच एआरएम६४ किंवा रिस्क-व्हीसाठी बांधायला घेतला की दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर त्यातली असेंब्लीची, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या इन्स्ट्रक्शनमध्ये लिहिलेली, ओळ असेंब्लर थेट नाकारतो, किंवा सगळे निमूटपणे बांधले जाते, ड्रायव्हर सुरूही होतो आणि भार वाढल्यावर अधूनमधून एखाद्या पॅकेटमध्ये जुनाच मजकूर निघतो. पहिल्या प्रकारात चूक समोर दिसते, त्यामुळे तिचा निकाल लवकर लागतो. दुसरा प्रकार आठवडेच्या आठवडे खातो आणि या लेखाचा बराचसा भाग त्यासाठीच आहे. वाचकाला सी भाषा आणि कर्नल मॉड्यूल बांधण्याची रीत ठाऊक आहे, जीसीसी किंवा क्लँग हाताशी आहे आणि एकच ड्रायव्हर या तिन्ही आर्किटेक्चरवर चालवायचा आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

पहिली पायरी: असेंब्ली टाळता येते का, ते पाहणे

ड्रायव्हरमध्ये असेंब्ली लागण्याची कारणे मोजकीच आहेत. एक्स८६वरील पोर्टशी बोलणाऱ्या 'इन' आणि 'आउट' या इन्स्ट्रक्शन, प्रोसेसरची खास रजिस्टरे, मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम बांधून देणारे बॅरिअर, हायपरव्हायझरला (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) किंवा फर्मवेअरला घातलेली हाक, आणि ६४ बाइट एकाच दमात डिव्हाइसला देणारी 'मूव्हडीआयआर६४बी'सारखी इन्स्ट्रक्शन, एवढ्या गोष्टी सी भाषेत सांगता येत नाहीत. चेकसम, पॅरिटी किंवा एन्क्रिप्शन वेगाने व्हावे म्हणून लिहिलेली असेंब्ली ड्रायव्हरमध्ये नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची जागा कर्नलच्या लायब्ररीत किंवा त्या त्या आर्किटेक्चरच्या फोल्डरात असते. शिवाय तिथे व्हेक्टर रजिस्टरे वापरायची तर आधी एक्स८६वर 'कर्नल_एफपीयू_बिगिन', एआरएम६४वर 'कर्नल_निऑन_बिगिन' आणि रिस्क-व्हीवर 'कर्नल_व्हेक्टर_बिगिन' बोलावून युजर प्रोग्रामची रजिस्टरे राखावी लागतात.

उरलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांसाठी कर्नलमध्ये तयार फंक्शन असते आणि ते डावलून स्वतःची ओळ लिहिणे अंगाशी येते. डिव्हाइसचे ३२ बिटांचे रजिस्टर वाचणारे 'रीडएल' हे साधेसुधे फंक्शन घ्या. व्होलाटाइल पॉइंटरमधून वाचले तरी तेच होईल, असे वरवर वाटते. एआरएम६४वर मात्र या फंक्शनच्या पोटात मुद्दाम इनलाइन असेंब्ली (सी कोडमध्येच घातलेली असेंब्ली) ठेवलेली आहे, कारण कंपायलरला मोकळीक दिली तर तो वाचता वाचता पत्ताही पुढे सरकवणारे 'एलडीआर'चे रूप निवडू शकतो. प्रत्यक्ष यंत्रावर ते चालून जाते, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये डिव्हाइसचे वाचन हायपरव्हायझरकडे ट्रॅप होते, म्हणजे प्रोसेसर ते थांबवून त्याच्या हवाली करतो, तेव्हा अशा रूपासाठी प्रोसेसर पुरेसा तपशील देत नाही आणि हायपरव्हायझरला ते वाचन वठवता येत नाही. त्याच ओळीत दुसरी सोयही आहे. कॉर्टेक्स-ए५७च्या ८३२०७५ या क्रमांकाच्या दोषामुळे डिव्हाइसचे वाचन आणि एक्स्क्लुझिव्ह लोड-स्टोअर यांची सरमिसळ झाल्यास प्रोसेसर अडकून पडू शकतो, म्हणून असा प्रोसेसर आढळला की कर्नल बूट होताना त्या 'एलडीआर'च्या जागी 'एलडीएआर' ही इन्स्ट्रक्शन बसवतो. स्वतः लिहिलेल्या पॉइंटरला या दोन्ही गोष्टींचा पत्ता नसतो.

पोर्टच्या बाबतीत एवढे पुरे की ६५,५३६ पोर्टची स्वतंत्र जागा ही एक्स८६ची खासियत आहे. एआरएम६४ आणि रिस्क-व्हीवर डिव्हाइसची रजिस्टरे मेमरीच्या पत्त्यांवरच दिसतात. ज्या कार्डाला दोन्ही मार्गांनी पोहोचता येते, त्याच्या ड्रायव्हरमध्ये 'आयओरीड३२' हे कुटुंब वापरले की प्रश्न मिटतो.

दुसरी पायरी: सीचे एक रूप, खाली वेगवेगळी असेंब्ली

असेंब्ली लिहावीच लागली, तर ती ड्रायव्हरभर पसरू देऊ नये. आधी ड्रायव्हरला नेमके काय हवे आहे ते एका सी फंक्शनच्या किंवा मॅक्रोच्या स्वरूपात ठरवावे आणि प्रत्येक आर्किटेक्चरसाठी त्याच नावाचे एकेक हेडर लिहावे. मुख्य फाइलमध्ये आर्किटेक्चर तपासणाऱ्या 'इफडेफ'च्या ओळी वाढू लागल्या की दर बदलाला तिन्ही शाखा तपासाव्या लागतात, आणि अनुभव असा की तिसरी शाखा कोणी तपासत नाही.

व्हीएमवेअरच्या आभासी ग्राफिक्स कार्डाचा 'व्हीएमडब्ल्यूजीएफएक्स' हा ड्रायव्हर या मांडणीचा चांगला नमुना आहे. त्याला हायपरव्हायझरशी निरोपांची देवघेव करायची असते. एक्स८६वर त्यासाठी हेक्साडेसिमल ५६५८ या पोर्टवर 'इन' इन्स्ट्रक्शन चालवली जाते. त्याआधी ईएएक्समध्ये एक ठरलेली जादुई संख्या ठेवतात, जिचे चार बाइट अक्षरे म्हणून वाचले तर 'व्हीएमएक्सएच' असे निघते, आणि पोर्टचा क्रमांकही तसाच वाचला तर 'व्हीएक्स' होतो. ईसीएक्समध्ये कामाचा क्रमांक, ईबीएक्समध्ये मजकूर आणि ईडीएक्समध्ये पोर्ट असतो. एआरएम६४वर पोर्टच नसल्यामुळे तेथे एक्स७ या रजिस्टरमध्ये 'हे एक्स८६च्या पोर्टचे काम आहे' अशी खूण ठेवून 'एमडीसीसीएसआर_ईएल०' हे डिबगचे रजिस्टर वाचले जाते. वाचलेली किंमत शून्य रजिस्टरमध्ये टाकून दिली जाते, कारण हवा असतो तो फक्त ट्रॅप, आणि हायपरव्हायझर उत्तर इतर रजिस्टरांमध्ये भरून परत येतो. निरोप पाठवणारा वरचा सगळा सी कोड मात्र दोन्हीकडे एकच आहे, कारण दोन्ही हेडरांनी मॅक्रोंची नावे आणि आर्ग्युमेंट सारखी ठेवली.

फर्मवेअरला हाक मारायची असेल तर एवढेही करावे लागत नाही. एआरएम६४वर 'एआरएम_एसएमसीसीसी' आणि रिस्क-व्हीवर 'एसबीआय_ईकॉल' हे तयार मार्ग आहेत. त्यांच्या नियमांतील फरक मात्र माहीत असावा. एआरएमच्या या करारातील १.० आवृत्तीत एक्स४ ते एक्स१७ ही रजिस्टरे हाकेनंतर भरवशाची राहत नाहीत, १.१ मध्ये ती राखली जातात, तर रिस्क-व्हीच्या एसबीआयमध्ये ए० आणि ए१ सोडून सगळी राखली जातात. एका आर्किटेक्चरची क्लॉबर यादी, म्हणजे असेंब्लीत बदलणाऱ्या रजिस्टरांची कंपायलरला दिलेली यादी, दुसऱ्यावर चिकटवण्यात काय धोका आहे, ते यावरून लक्षात यावे.

तिसरी पायरी: कंपायलरला खरे सांगणे

इनलाइन असेंब्लीतील इन्स्ट्रक्शनचा मजकूर कंपायलर वाचत नाही. तो फक्त आउटपुट, इनपुट आणि क्लॉबर या तीन याद्यांवर विसंबतो. म्हणून चूक बहुधा इन्स्ट्रक्शनमध्ये नसते, याद्यांमध्ये असते.

'मेमरी' हा क्लॉबर लिहिला नाही, तर कंपायलर आजूबाजूची मेमरीतील वाचने-लेखने त्या ओळीच्या अलीकडे-पलीकडे हलवू शकतो. 'व्होलाटाइल' लिहिल्याने ती ओळ वगळली जात नाही आणि इतर व्होलाटाइल ओळींच्या तुलनेत तिचा क्रम टिकतो, पण साध्या व्हेरिएबलच्या लेखनाला त्यामुळे बांध बसत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार सर्रास होते.

दोन किंवा अधिक इन्स्ट्रक्शनच्या तुकड्यात पहिल्या इन्स्ट्रक्शनने आउटपुट लिहिले आणि दुसरीने नंतर इनपुट वाचले, तर त्या आउटपुटवर अर्ली-क्लॉबरचे 'अँड' चिन्ह लावावेच लागते. नाहीतर कंपायलर दोघांना एकच रजिस्टर देऊ शकतो. हे रोज घडत नाही. आजूबाजूचा कोड बदलून रजिस्टरांची वाटणी बदलली की एखाद्या दिवशी घडते, आणि तेव्हा दोष नव्या बदलावर ढकलला जातो.

कन्स्ट्रेंटची, म्हणजे व्हेरिएबल कोणत्या रजिस्टरमध्ये हवे ते सांगणारी, अक्षरे प्रत्येक आर्किटेक्चरची स्वतःची असतात. एक्स८६वर लहान 'ए' म्हणजे ईएएक्स आणि लहान 'डी' म्हणजे ईडीएक्स असे ठरावीक रजिस्टर मागता येते. तेथे कॅपिटल 'ए' या अक्षरात एक जुना सापळा आहे. ३२ बिटांच्या कोडमध्ये तो ईडीएक्स आणि ईएएक्स अशी जोडी देतो, त्यामुळे टाइमस्टँप वाचणाऱ्या 'आरडीटीएससी'साठी तो सोयीचा वाटायचा. ६४ बिटांत मात्र त्याचा अर्थ आरएएक्स किंवा आरडीएक्स यांपैकी कोणतेही एक असा होतो आणि काउंटरचा वरचा अर्धा भाग गळून पडतो. दोन्ही भाग वेगवेगळ्या आउटपुटमध्ये घेऊन ते शिफ्टने जोडणे हाच उपाय आहे.

एआरएम६४ आणि रिस्क-व्हीवर विशिष्ट सर्वसाधारण रजिस्टर मागण्यासाठी अशी अक्षरे नाहीत. तेथे स्थानिक व्हेरिएबल एक्स७ किंवा ए७ अशा रजिस्टरला बांधून घ्यावे लागते. असे व्हेरिएबल भरल्यानंतर आणि असेंब्लीच्या ओळीपूर्वी मध्ये एकही फंक्शन कॉल येता कामा नये. कर्नलमधले कित्येक मॅक्रो आतून फंक्शन बोलावतात आणि तेवढ्यात रजिस्टरमधला मजकूर बदलतो. म्हणून सगळ्या किमती आधी साध्या व्हेरिएबलमध्ये काढून घ्याव्यात आणि शेवटी एकापाठोपाठ एक बांधलेल्या व्हेरिएबलमध्ये टाकाव्यात.

असेंब्लीच्या तुकड्यात 'पुश' आणि 'पॉप' वापरण्याची वेळ क्वचितच यावी. वर सांगितलेल्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर ती आली, कारण त्याच्या मोठ्या निरोपांच्या मार्गाला बेस पॉइंटर म्हणजे बीपी रजिस्टरसुद्धा इनपुट म्हणून लागते आणि ते क्लॉबर यादीत घालता येत नाही. ३२ बिटांवर रजिस्टरे संपल्यामुळे बीपीमध्ये भरायची किंमत स्टॅकवरच्या मेमरीत राहते. पण बीपी पुश केले की स्टॅक पॉइंटर सरकतो आणि स्टॅक पॉइंटरपासून मोजलेला त्या किमतीचा पत्ता चुकतो. तेथे काढलेला तोडगा असा, की बीपी पुश करण्याआधी ती किंमतच स्टॅकवर पुश करायची आणि मग आपणच पुश केलेल्या जागेवरून ती वाचायची. असा प्रसंग आला तर तुकड्याला टीप जोडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चौथी पायरी: मेमरीचा क्रम

नेटवर्क कार्डाला पॅकेट पाठवायला सांगताना ड्रायव्हर तीन कामे करतो. डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे रॅममधील पॅकेटच्या नोंदीत, पत्ता आणि लांबी लिहितो, मग 'हा डिस्क्रिप्टर आता कार्डाचा' असे सांगणारा मालकीचा बिट लावतो, आणि शेवटी कार्डाच्या डोअरबेल रजिस्टरवर लिहून त्याला जागे करतो. पहिली दोन लेखने साध्या रॅममध्ये होतात आणि तिसरे डिव्हाइसवर. कार्डाने बिट पाहिला पण लांबी अजून पोहोचलेली नाही, असे झाले की जुन्या लांबीचे पॅकेट बाहेर पडते.

एक्स८६वर साध्या मेमरीतील लेखने ज्या क्रमाने केली त्याच क्रमाने इतरांना दिसतात, त्यामुळे तेथे फक्त कंपायलरला आवरणे पुरते. कर्नलचे 'डीएमए_डब्ल्यूएमबी' तेथे एकही इन्स्ट्रक्शन काढत नाही. एआरएम६४वर तेच फंक्शन 'डीएमबी ओएसएचएसटी' होते, म्हणजे आउटर शेअरेबल (प्रोसेसरांच्या पलीकडे डिव्हाइसपर्यंतच्या) क्षेत्रापर्यंत लेखनांचा क्रम पाळणारा बॅरिअर. रिस्क-व्हीवर त्याची 'फेन्स' ही इन्स्ट्रक्शन होते. मालकीचा बिट लावण्यापूर्वी हे फंक्शन आणि डोअरबेलसाठी 'राइटएल' वापरले की तिन्हीकडे काम नीट होते, कारण 'राइटएल'च्या आत डिव्हाइसवरील लेखनापूर्वीचा बॅरिअर आधीच असतो: एआरएम६४वर पुन्हा 'डीएमबी ओएसएचएसटी' आणि रिस्क-व्हीवर 'फेन्स डब्ल्यू, ओ'.

रिस्क-व्हीची ही 'फेन्स' इन्स्ट्रक्शन जरा निरखून पाहण्यासारखी आहे. तिला दोन संच दिले जातात, आधीचे काय आणि नंतरचे काय, आणि प्रत्येक संचात चार गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात: डिव्हाइसकडून वाचन म्हणजे आय, डिव्हाइसवर लेखन म्हणजे ओ, मेमरीचे वाचन म्हणजे आर आणि मेमरीचे लेखन म्हणजे डब्ल्यू. आता समजा कोणी वेग वाढवण्याच्या नादात 'राइटएल' काढून 'एसएमपी_डब्ल्यूएमबी' आणि 'राइटएल_रिलॅक्स्ड' अशी जोडी लिहिली. एक्स८६वर काहीच बिघडत नाही. एआरएम६४वर हा बॅरिअर फक्त इनर शेअरेबल, म्हणजे प्रामुख्याने प्रोसेसरांच्या, क्षेत्रापुरता आहे, आणि डिव्हाइस त्या क्षेत्रात असेलच असे नाही. रिस्क-व्हीवर तो 'फेन्स डब्ल्यू, डब्ल्यू' होतो, ज्यात ओ हे अक्षरच नाही, म्हणजे रॅममधील लेखन आणि डोअरबेलवरील लेखन यांच्यात कोणताही क्रम मागितलेला नाही. 'एसएमपी' हे नाव असलेले बॅरिअर प्रोसेसरांच्या आपसातल्या देवघेवीसाठी आहेत आणि एकाच प्रोसेसरच्या कर्नलमध्ये तर ते केवळ कंपायलरचे बॅरिअर उरतात. डिव्हाइस समोर असताना ते वापरू नयेत.

वाचनाच्या बाजूलाही असाच बारकावा आहे. डिव्हाइसला रीसेट करून काही मायक्रोसेकंद थांबायचे असते, तेव्हा 'राइटएल' आणि पाठोपाठ 'यूडिले' लिहिले जाते. पीसीआयवरील लेखन पोस्टेड असते, म्हणजे ते डिव्हाइसपर्यंत पोहोचण्यापूर्वीच प्रोसेसर पुढे जातो आणि थांबण्याचा काळ रीसेटआधीच सुरू होतो. म्हणून मध्ये त्याच डिव्हाइसचे एक 'रीडएल' घालून लेखन पुढे रेटावे लागते. पण वाचनाची किंमत कोणी वापरतच नसेल, तर ते वाचन पूर्ण होण्याआधी प्रोसेसर 'यूडिले'चे घड्याळ वाचायला मोकळा नाही का? एआरएम६४च्या 'रीडएल'मध्ये यासाठी एक युक्ती आहे. वाचलेल्या किमतीचा तिच्याशीच 'ईओआर' केला जातो, त्याचे उत्तर नेहमी शून्य येते, आणि मग 'ते शून्य नसेल तर येथेच फिरत राहा' अशी 'सीबीएनझेड' इन्स्ट्रक्शन येते. ती उडी कधीच घेतली जात नाही. मात्र तिचा निर्णय वाचनावर अवलंबून असल्यामुळे, घड्याळ वाचण्यापूर्वीच्या 'आयएसबी' या बॅरिअर इन्स्ट्रक्शनला वाचन पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. डिसअसेंब्लीत या दोन ओळी पाहून कोणी त्या निरर्थक ठरवू नयेत.

कॅशच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. एआरएम६४वर 'डीसी सीआयव्हीएसी' किंवा रिस्क-व्हीवर झिकबॉम विस्तारातील 'सीबीओ.फ्लश' यांना ड्रायव्हरमधून हात लावू नये. 'डीएमए_मॅप_सिंगल' आणि त्याची भावंडे ते काम करतात. काही जुन्या रिस्क-व्ही चिप, उदाहरणार्थ ऑलविनर डी१ मधील टी-हेडचा सी९०६, स्वतःच्या वेगळ्या कॅश इन्स्ट्रक्शन वापरतात आणि तो फरकही कर्नल बूट होतानाच सांभाळतो.

पाचवी पायरी: वेगळी असेंब्ली फाइल लागली तर

दहा-बारा इन्स्ट्रक्शनपेक्षा मोठा तुकडा इनलाइन न ठेवता स्वतंत्र फाइलमध्ये न्यावा. तेथे कंपायलरच्या याद्या नसतात, कॉलिंग कन्व्हेन्शन पाळावे लागते. आर्ग्युमेंट एक्स८६-६४वर आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या क्रमाने येतात, एआरएम६४वर एक्स० ते एक्स७ मध्ये आणि रिस्क-व्हीवर ए० ते ए७ मध्ये. फावल्या कामासाठी एक्स१८ किंवा रिस्क-व्हीचे टीपी वापरण्याचा मोह टाळावा. एआरएम६४ कर्नलमध्ये एक्स१८ शॅडो कॉल स्टॅकसाठी (परतीच्या पत्त्यांच्या वेगळ्या, सुरक्षित स्टॅकसाठी) राखीव असू शकते, आणि रिस्क-व्ही कर्नलमध्ये टीपी चालू टास्ककडे बोट दाखवते.

फंक्शनची सुरुवात आणि शेवट 'सिम_फंक_स्टार्ट' आणि 'सिम_फंक_एंड' या मॅक्रोंनीच करावा. अप्रत्यक्ष उडीसाठी एक्स८६ला 'एंडबीआर६४' आणि एआरएम६४ला 'बीटीआय' ही खूण लागते, एआरएम६४वर ती हे मॅक्रोच घालतात, एक्स८६च्या नव्या कर्नलांत मात्र अशा फंक्शनसाठी 'सिम_टाइप्ड_फंक_स्टार्ट' लागते. एक्स८६वर परतताना साधे 'रेट' न लिहिता कॅपिटल अक्षरांतला 'रेट' मॅक्रो लिहावा, कारण रेटब्लीडसारख्या हल्ल्यांवरील उपाय त्याच्या मागे दडलेले आहेत.

सहावी पायरी: बांधणे आणि तपासणे

डेबियन किंवा उबुंटूवर दोन्ही क्रॉस कंपायलर पॅकेजमधून मिळतात. प्रत्येक बदलानंतर तिन्ही आर्किटेक्चरसाठी, आणि जमल्यास जीसीसी व क्लँग दोन्हींनी, मॉड्यूल बांधावे. मग 'ऑब्जडंप'ने डिसअसेंब्ली काढून डोअरबेलचे फंक्शन डोळ्यांखालून घालावे: एआरएम६४च्या उताऱ्यात मालकीच्या बिटाआधी एक आणि डोअरबेलआधी एक 'डीएमबी' दिसलाच पाहिजे. दोनपैकी एक नसेल तर चाचणी चालवण्यात अर्थ नाही.

क्यूईएमयू या एम्युलेटरच्या 'व्हर्ट' यंत्रावर ड्रायव्हर सुरू होतो का, ते पाहता येते. मात्र एक्स८६ लॅपटॉपवर ते चालवून मेमरीच्या क्रमाची चूक सापडेल अशी आशा धरू नये, कारण खालचा प्रोसेसर लेखनांची ती उलटापालट करतच नाही. त्यासाठी खरा बोर्ड हवा. रास्पबेरी पाय ४ मधील कॉर्टेक्स-ए७२ किंवा पाय ५ मधील कॉर्टेक्स-ए७६ हे आउट-ऑफ-ऑर्डर, म्हणजे इन्स्ट्रक्शन क्रम बदलून चालवणारे, प्रोसेसर या कामाला योग्य आहेत. व्हिजनफाइव्ह २ वरील यू७४ इन-ऑर्डर असल्यामुळे तेथे चूक झाकली जाण्याची शक्यता जास्त. तेथे ड्रायव्हर चालला म्हणजे रिस्क-व्हीवर चालला, असे प्रमाणपत्र स्वतःला देऊ नये. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही रिस्क-व्हीचेच असल्यामुळे भारतात ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना ही बाजू पुढेमागे पाहावी लागणार आहे.

केकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलच्या बांधणीचे पर्याय नोंदवणाऱ्या फाइलमध्ये, ड्रायव्हर नेमका ज्या आर्किटेक्चरवर तपासला तीच लिहावीत. चौथ्या आर्किटेक्चरसाठी रिकामे हेडर देऊन तो नुसता बांधला जाईल अशी सोय करू नये, कारण रिकामा बॅरिअर बांधताना कधीच तक्रार करत नाही. पॅच पाठवण्यापूर्वी 'चेकपॅच' हा कर्नलचा तपासणीचा प्रोग्राम चालवावा. ज्या बॅरिअरला टीप जोडलेली नाही, त्यावर तो इशारा देतो. त्या टिपेत 'येथे बॅरिअर आहे' एवढेच न लिहिता, कोणते लेखन कोणत्या लेखनाआधी दिसायला हवे आणि समोरच्या बाजूला, म्हणजे कार्डात किंवा इंटरप्टच्या फंक्शनमध्ये, त्याची जोडी कुठे आहे, ते लिहावे.